लिव्ह की, लाईट जाईल!

'बॅटल सिटी' हा व्हिडिओ गेम चालू केला की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो : २००००. हा त्या खेळाचा उच्चांक. आदल्या दिवशी कुणी कितीही खेळलेलं असो, यंत्र बंद करून पुन्हा लावलं की उच्चांक पुन्हा वीस हजारच. आमच्या घरात तो आकडा कुणी मानत नसे. खरा उच्चांक माझ्याजवळ होता. आजोबांच्या हळदीच्या पेढीवरून आणलेल्या एका कोऱ्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, तो मी शाईने लिहिलेला असायचा, शेजारी तारीख आणि खेळणाऱ्याचं नाव.

ही नव्वदच्या दशकातली सांगली. गावभागात आमचं एकत्र घर होतं. दोन चुलतभाऊ, आत्याची मुलं, गल्लीतली चार-पाच पोरं आणि मी. टीव्ही एक, रिमोट दोन. म्हणजे कुठल्याही क्षणी खेळणारे फार तर दोघं आणि बाकीचे सगळे बघणारे. बघणाऱ्यांत मी सगळ्यात जास्त वेळ असायचे आणि मला त्याचं वाईट वाटत नसे. बघणाऱ्याला सगळा पडदा दिसतो, खेळणाऱ्याला फक्त आपला माणूस दिसतो. कोणत्या नळीतून फूल वर येतं, कोणता रणगाडा लाल चमकतो, हे मला दादापेक्षा आधी कळायचं. मी ओरडून सांगायची. तो तोवर मेलेला असायचा.

गेम काकांनी मुंबईहून आणला होता. पांढरं खोकं, त्याला कायमच्या जोडलेल्या दोन रिमोटांच्या वायरी, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलेलं, ९९९९९९९ इन १. चालू केली की समुद्रकिनाऱ्याचं चित्र, उडणारे पक्षी आणि खेळांची लांबच लांब यादी यायची. पहिली काही पानं पुढे गेल्यावर कळायचं की खेळ मोजकेच आहेत, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने येतात. तरी ती यादी आम्ही पुष्कळ खाली नेली. खूप खाली एखादा कुणीच न पाहिलेला खेळ असेल असं सगळ्यांनाच वाटायचं.

ते खोकं कशाची नक्कल होतं हे मला फार उशिरा समजलं. जपानमध्ये निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र विकायला आणलं. त्याच्या नकला जगभर पसरल्या, त्यातली एक गावभागात आली. या यंत्राला काम करताना वापरायला जी स्मृती होती, ती सगळी मिळून २ किलोबाइट. आज संगणकावर देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने हा लेख त्या यंत्रात ठेवायला घेतला तर पहिल्या दीडएक परिच्छेदातच जागा संपेल. मारिओ कुठे उभा आहे, किती जीव उरलेत, कोणती वीट फुटली, वेळ किती शिल्लक आहे, हे सगळं त्या २ किलोबाइटमध्ये मावलेलं असायचं. आणि लाईट गेली की तेवढंही पुसलं जायचं.

आमच्या दिवसांत लाईट जायची. कधी सांगून, कधी न सांगता. म्हणून खेळ संपला रे संपला की दादा मागे वळून ओरडायचा, "ए, लिव्ह की गं, बघत काय बसलीस? लाईट जाईल!" मी पेनाचं टोपण दातात धरून आकडा उतरवायची. चौतीस हजार सातशे. तारीख. दादा. खाली आडवी रेघ.

रोजकीर्दीला डाव्या हाताला जमा आणि उजव्या हाताला नावे असे रकाने असतात. जमेत मी गुण लिहायची आणि नावेत जीव कुठे गेले ते. 'दुसऱ्या खड्ड्यात.' 'हातोडेवाल्यापाशी.' 'लाईट गेली.' आजोबांनी एकदा ती वही उघडून चष्म्यातून दोन पानं नीट वाचली आणि म्हणाले, "रोजची शिल्लक पुढच्या पानावर ओढून घेत जा, त्याशिवाय कीर्द पुरी होत नाही." तेव्हापासून प्रत्येक पानाच्या माथ्यावर आजवरचा उच्चांक ओढलेला असे. यंत्राला जे जमत नव्हतं ते त्या एका ओळीत व्हायचं.

मारिओबद्दल इतकं लिहून झालंय की मी दोनच गोष्टी सांगते. पहिली म्हणजे त्या खेळाची सुरुवात. 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ सालचा, आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे. खेळ साठवता येत नसल्यामुळे रोज पहिल्या जगाच्या पहिल्या टप्प्यापासूनच निघायचं. आठव्या जगात आमच्यापैकी फार थोडे पोचले, पण पहिला टप्पा आमच्या गल्लीइतका पायाखालचा होता. तो टप्पा ज्यांनी रचला ते शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे असे टप्पे चौकटींच्या कागदावर हाताने काढत असत, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. का ते पुढे येईलच. ढग आणि झुडूप ही एकच आकृती आहे, रंग तेवढा वेगळा, हेही पुढे वाचलं. सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा म्हटल्यावर ढगालाच खाली उतरवून झुडूप करावं लागलं. लहानपणी इतके तास बघूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता त्या झुडपाकडे बघितलं की ढगच दिसतो.

दुसरी गोष्ट फटाक्यांची. टप्प्याच्या शेवटी मारिओ झेंड्याच्या खांबावरून घसरत खाली येतो आणि किल्ल्यात जातो. कधी कधी त्या वेळी आकाशात फटाके फुटतात, कधी फुटत नाहीत. का, यावर गल्लीत मतंच मतं. खांबाच्या टोकाला हात लागला तर फुटतात. मोठा मारिओ असेल तर फुटतात. एकही नाणं न सोडता आलं तर फुटतात. मिरजेहून येणाऱ्या एका मुलाचं म्हणणं होतं की ते कॅसेटच्या मनावर असतं. मी काहीच म्हटलं नाही, वहीत एक रकाना वाढवला. झेंड्याला हात लागताना वर वेळेचा आकडा किती होता, आणि फटाके किती. उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत उत्तर कागदावर दिसत होतं. आकड्याच्या शेवटी १ असेल तर एक फटाका, ३ असेल तर तीन, ६ असेल तर सहा, बाकी कशावरही नाही. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. दादाने लगेच खेळून बघितलं, खांबाच्या अलीकडे थांबला, आकडा ३वर येईपर्यंत वाट पाहिली आणि उडी मारली. तीन फटाके. गल्लीतली सगळी पोरं माझ्याकडे वळून बघत होती. शाळेतल्या कुठल्याही बक्षिसाने मला तेवढा आनंद दिलेला नाही.

वहीचं शेवटचं पान युक्त्यांचं होतं. गेमबरोबर माहितीपुस्तक आलं नव्हतं, त्यामुळे जे काही माहीत व्हायचं ते कुणाच्या तरी तोंडून. मारिओत मेल्यावर पहिल्या पडद्यावर 'ए' दाबून धरून स्टार्ट दाबलं की ज्या जगात मेला त्याच जगाच्या आरंभापासून खेळता येतं, अर्थात मध्ये यंत्र बंद झालं नसेल तर. ही युक्ती आत्येभावाने इस्लामपूरहून आणली. तिसऱ्या जगाच्या पहिल्या टप्प्यात शेवटच्या पायऱ्यांवर कासवाच्या पाठीवर नेमकी उडी धरली की जीव वाढतच जातात, ही गल्लीतच कुणाला तरी सापडली. तिच्यातला धोकाही आम्हाला कळला. धाकट्याने हावरटपणाने उड्या मारून ढीगभर जीव केले, जिवांच्या आकड्याच्या जागी भलतीच चिन्हं दिसू लागली, आणि पुढच्याच खड्ड्यात पडला तर थेट गेम ओव्हर. तो रडला. जीव मोजायला यंत्राकडे एकच बाइट होता, १२७च्या पुढे गेलं की ती संख्या उणे धरली जायची. मी तेव्हा नावेच्या रकान्यात नुसतं लिहिलं, 'जास्त झाले.'

'कॉन्ट्रा' या गोळीबाराच्या खेळाचा मंत्र मात्र पानावर लिहायची गरज पडली नाही. वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. पाढ्यासारखा तो सगळ्यांच्या अंगठ्यांत बसला होता. तीनऐवजी तीस जीव. हा क्रम काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसाने १९८६च्या 'ग्रेडियस'साठी तयार केला. घरगुती यंत्रावर तो खेळ नीट चालतोय का हे तपासताना त्याला स्वतःलाच शेवटपर्यंत जाता येईना, म्हणून त्याने स्वतःसाठी एक पळवाट ठेवली. ती तशीच राहून गेली आणि कोनामी या त्याच्या कंपनीच्या पुढच्या खेळांत शिरली. हाशिमोतो २०२० साली गेले. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होते, आणि टेबलाखाली माझा अंगठा आपोआप तो क्रम दाबत होता.

कॉन्ट्राचा तिसरा टप्पा म्हणजे धबधबा. दोघांनी मिळून खडकांवरून वर चढायचं. पडदा पुढच्याबरोबर वर सरकतो, त्यामुळे जो भराभर चढतो तो मागच्याला पडद्याखाली ढकलून मारतो. दादा आणि धाकटा यांची खरी भांडणं त्या धबधब्यावर झाली. म्हणून तिथे नावेच्या रकान्यात मी 'कुणामुळे' असंही लिहायला लागले. पुरावा समोर आल्यावर दादा मऊ झाला. तो एकेका खडकावर थांबायला शिकला. "ये, ये, हळू ये, थांबलोय मी." ज्या श्रावणात त्यांनी कॉन्ट्रा पहिल्यांदा संपवला, तेव्हा बाहेर झड लागली होती आणि लाईट कधीही गेली असती. शेवटचं ते धडधडणारं काळीज फुटलं, हेलिकॉप्टर निघालं, मागे बेट उडालं. आम्ही कुणीच ओरडलो नाही, मी आधी लिहून घेतलं आणि मग ओरडलो.

बंदुकीच्या 'डक हंट'मध्ये माझा वाटा निराळा होता. घोडा दाबल्यावर पडदा एका क्षणापुरता काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतलं भिंग तो उजेड पाहतं. उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या काचेच्या जाड टीव्हीवरच हे चालतं, आताच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक मुकी होते. हे सगळं नंतरचं वाचन. तेव्हाचा माझा शोध असा की एका बदकाच्या खेळात, रिकाम्या पडलेल्या रिमोटचा बाण दाबला की बदक तिकडे वळतं. बरेच दिवस मी मांडीवर उशी घेऊन, उशीखाली रिमोट धरून बसायची. दादाने पोरांसमोर मारलेल्या बढाया आणि माझी बदकं, दोन्ही उंच उडायची.

एसटी स्टँडकडच्या दुकानातल्या मोठ्या यंत्रावर पोरं 'मुस्तफा' खेळायला जायची. कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', पण त्याला त्या नावाने हाक मारणारा मला सांगलीत कुणी भेटला नाही. मुलींनी तिथे जायची पद्धत नव्हती. मला तो खेळ पूर्ण ठाऊक होता तो दादाच्या सांगण्यातून, चालींसकट, आवाजांसकट. पुढे कधीतरी खेळले तेव्हा दादाचं सांगणंच जास्त रंगतदार होतं असं वाटलं.

माझा खेळ 'बॅटल सिटी'. नामको कंपनीचा, १९८५चा. खाली मध्यभागी आपला गरुड, त्याच्याभोवती विटांची भिंत, वरून शत्रूचे रणगाडे, एका टप्प्याला वीस. त्यात 'कन्स्ट्रक्शन' नावाचा एक पर्याय होता. तो उघडला की तेरा बाय तेरा चौकटींचं मोकळं मैदान मिळायचं, आणि त्यावर वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ हवं तसं मांडता यायचं. आपण मांडायचं आणि आपणच खेळायचं. पण ठेवून द्यायची सोय नव्हती. गंमत म्हणजे आमच्याच कॅसेटमधल्या 'एक्साइटबाइक'मध्ये रस्ता रचायच्या पडद्यावर 'सेव्ह' आणि 'लोड' असे दोन शब्द लिहिलेले होते. आम्ही ते पुन्हा पुन्हा दाबले. ते जपानमधल्या एका टेपरेकॉर्डरसाठी होते, फॅमिकॉमला जोडायच्या. तो टेपरेकॉर्डर आमच्याकडे कुठून येणार? तेव्हा मी रोजकीर्दीचं मधलं पान घेतलं, पट्टीने तेरा बाय तेरा चौकटी आखल्या आणि पेन्सिलीने मैदान उतरवून ठेवलं. पेन्सिलीने अशासाठी की खेळताना चुका कळायच्या आणि खोडून बदलावं लागायचं. तिरप्या रेघा म्हणजे वीट, फुली म्हणजे पोलाद, नागमोडी म्हणजे पाणी, टिंबं म्हणजे झाडी.

पुष्कळ मैदानं काढली, पण राहिलं एकच. त्याचं नाव 'आयर्विन'. सहाव्या आणि सातव्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी, ती कृष्णा. वरचा भाग सांगलीवाडी, खालचा गावभाग, गरुडाची जागा म्हणजे आमची गल्ली. कोपऱ्यातली झाडी आमराई. बर्फाला कुठेच जागा नव्हती. आणि पाण्यातून एकच चौकट रुंदीची मोकळी वाट, तो आयर्विन पूल, १९२९ सालचा, ज्याच्यावरून आम्ही रोज नदी बघायला जायचो. रणगाड्यांना पाणी ओलांडता येत नाही, त्यामुळे सगळ्यांना त्या एका वाटेनेच यावं लागायचं आणि पुलाच्या तोंडाशी त्यांची कोंडी व्हायची. दादाला पूल मध्यात हवा होता. मी डावीकडे, चौथ्या रांगेत ठेवला. मध्यात ठेवला तर उतरणारा रणगाडा सरळ गरुडाच्या माथ्यावर येतो.

खरी अडचण मात्र पहिल्याच डावात समजली. रणगाडे पाण्यावर अडतात, गोळे अडत नाहीत. शत्रूचा एक रणगाडा वर बरोबर मधल्या रांगेतच उगवतो. तो सांगलीवाडीच्या काठाशी आला, तोंड खाली केलं आणि नदीवरून गोळे सोडत राहिला की दोन गोळ्यांत गरुडाभोवतीची भिंत जायची. मग मधल्या रांगेत, नदीच्या अलीकडच्या काठाला आम्ही एक चौकट घातली. तिला घाट म्हणायचो. ती घातल्यावर मैदान खेळण्याजोगं झालं. दादा घाटापाशी थांबायचा, मी पुलावर. माझा सगळ्यात मोठा आकडा त्याच मैदानावरून सुरू झालेला आहे, आणि तो दादाच्या आकड्याहून मोठा होता. वहीत होता.

पुढे गेमचं खोकं बिघडलं, दादा पुण्याला गेला, माझं लग्न झालं, पेढी बंद झाली. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या घरात माणसं वेळेवर बाहेर पडली होती, सामान राहिलं होतं. पाणी उतरल्यावर चिखल उपसताना खालच्या कपाटातून ती रोजकीर्द निघाली, फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. मी ती रद्दीच्या कागदांत दाबून, एकेक पान सोडवत वाळवली. शाई सगळी गेली होती. उच्चांक, तारखा, फटाक्यांचा रकाना, 'कुणामुळे', आजोबांच्या सांगण्यावरून ओढलेल्या शिलका, सगळ्याचे निळे डाग. पेन्सिल मात्र पाण्यात जात नाही. 'आयर्विन'च्या चौकटी जशाच्या तशा होत्या, नदी नदीच्या जागी, पूल चौथ्या रांगेत.

गेल्या दिवाळीत भाच्याने लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकून दिला, 'बॅटल सिटी' लावला आणि मी पानावरून मैदान मांडलं. मांडून झाल्यावर त्याने एक कळ दाबली. "झालं सेव्ह, मावशी." त्या २ किलोबाइटांसकट सगळा खेळ एका छोट्या फाइलमध्ये गेला. मी त्याला ती कळ आणखी दोनदा दाबायला लावली आणि फाइल दादाला पाठवायला सांगितली.

दादाचा त्याच रात्री फोन आला. मैदान बरोबर आहे, घाट चुकीचा आहे. मी तिथे पोलाद घातलं होतं. त्याचं म्हणणं, घाट विटांचा होता. "पोलाद घातलं तर मर्दा खेळ काय राहिला? फुटायचा म्हणून तर मी तिथं उभा राहायचो की." पानावर बघितलं तर त्या चौकटीत तिरप्या रेघाही दिसतात आणि त्यांना छेद देणारी एक पुसट रेघही. ती मी ओढलेली का पानाला पडलेली घडी, सांगता येत नाही. मी फोटो काढून पाठवला. त्याने तो मोठा करून बघितला आणि त्याला वीटच दिसली. मला फुली दिसते. मे महिन्यात तो आठ दिवस येणार आहे. दोन्ही घाट मांडून ठेवलेत, दोन फाइली केल्यात, आणि नवी वहीही आणली आहे. आकडे या खेपेला पेन्सिलीने लिहिणार.